१,७६,६३,१९,०४९ : एका संख्येची साक्ष

१

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल प्रक्रियेचे विवरण करताना एक दुहेरी प्रश्न मित्राला उद्देशून विचारलेला आहे. ज्या संख्येच्या वर्गाला ६७ ने गुणून गुणाकारात १ मिळविला असता बेरीज पुन्हा वर्गच होते, ती संख्या कोणती? आणि हीच कृती ६१ या गुणकाने केली असता ज्या संख्येपासून वर्ग निष्पन्न होतो, ती कोणती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ५,९६७ असे येते, व त्यापासून होणाऱ्या वर्गाचे मूळ ४८,८४२ असते. दुसऱ्याचे उत्तर २२,६१,५३,९८० असे असून तेथे वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९ एवढे मोठे येते. ‘बीजगणित’ हा शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा एक भाग मानला जातो. त्यानंतर पाचशे सात वर्षांनी, इ. स. १६५७ मध्ये, फ्रान्समधील पिएर द फेर्मा याने आपल्या एका देशबांधवास हाच प्रश्न ६१ हाच गुणक घेऊन घातला. त्याचे लघुतम उत्तर अर्थातच तेच आहे.

एखाद्या प्राचीन ग्रंथात अशी प्रचंड संख्या आढळली म्हणजे तिच्याविषयी दोन प्रकारची वृत्ती दिसून येते. कोणी तिच्याकडे अभिमानाने बोट दाखवून थांबतो, तर कोणी अंकगणितातील एक गंमत म्हणून तिची बोळवण करतो. दोन्ही पक्षी संख्या वाचली जात नाही. वास्तविक ताम्रपट किंवा शिलालेख यांच्याप्रमाणेच अशी संख्याही इतिहासाचे साधन होऊ शकते. मात्र कोणत्याही साधनाप्रमाणे तिचीही उलटतपासणी झाली पाहिजे. ही संख्या तिच्या कर्त्याजवळ एक निश्चित पद्धती होती असे सांगते काय? त्या पद्धतीची पूर्ण उपपत्ती त्याला अवगत होती असे सांगते काय? आणि दोन दूरच्या देशांत ती आढळते यावरून एकाने दुसऱ्यापासून घेतले असे ठरते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे एकच नाहीत, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच या विषयावरील पुष्कळसे लेखन एका किंवा दुसऱ्या टोकाला गेलेले आहे.

२

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. भारतीय परंपरेत त्याला वर्गप्रकृती असे नाव आहे. ज्या संख्येने गुणावयाचे ती प्रकृती. जिचा वर्ग गुणावयाचा ती ह्रस्व किंवा कनिष्ठ मूळ. शेवटी येणाऱ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ मूळ. आणि जी संख्या मिळवावयाची तो क्षेप. आजच्या चिन्हांत लिहावयाचे तर प्रकृती ६१ व क्षेप १ असताना क्ष² = ६१ य² + १ या समीकरणाची पूर्णांकी उकल हवी आहे. येथे य हे कनिष्ठ व क्ष हे ज्येष्ठ मूळ होय.

‘पूर्णांकी’ या शब्दातच सर्व अडचण साठविलेली आहे. अपूर्णांक चालत असतील तर प्रश्न क्षणात सुटतो. १६/३ या अपूर्णांकाचा वर्ग घेऊन त्यास ६१ ने गुणावे व १ मिळवावा. १२५/३ याचा वर्ग मिळतो. स्वतः भास्कराचार्यांनी अशी अपूर्णांकी मुळे काढण्याची स्वतंत्र रीत दिलेली आहे. परंतु पूर्णांकांचा आग्रह धरताच प्रश्नाचे रूप पालटते, आणि ते किती पालटेल हे प्रकृतीच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसते. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ एवढ्यावरच काम भागते. ६२ असेल तर ८ व ६३. या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध बसलेल्या ६१ ला मात्र नऊ अंकी कनिष्ठ मूळ लागते. शंभरपर्यंतच्या सर्व प्रकृतींमध्ये ज्याचे लघुतम उत्तर सर्वांत मोठे आहे अशी प्रकृती हीच होय. १०० च्या आतील ९७ या प्रकृतीलाही आठ अंकी ज्येष्ठ मूळ लागते, पण ते ६१ च्या मानाने बरेच लहान, ६,२८,०९,६३३ एवढेच आहे.

आता कोणी १, २, ३ अशा क्रमाने एकेक संख्या घेऊन, तिच्या वर्गाला ६१ ने गुणून, १ मिळवून, बेरीज वर्ग होते की नाही हे पाहू लागला, तर त्याला २२ कोटी ६१ लाखांहून अधिक परीक्षा कराव्या लागतील. मिनिटास एक परीक्षा या वेगाने अहोरात्र गणित चालू ठेवले तरी सुमारे ४३० वर्षे लागतील, व त्यापूर्वी एकदाही यश येणार नाही. तेव्हा उत्तर चाचपडत शोधले असणे अशक्य आहे. ग्रंथात ही संख्या आहे एवढ्यावरूनच ग्रंथकर्त्याजवळ तेथवर नेणारी वाट होती हे सिद्ध होते. पहिल्या प्रश्नाला संख्येचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. ती वाट कोणती, हे सुदैवाने ग्रंथातच सांगितलेले असल्याने तर्क करण्याचे कारण उरत नाही.

३

या वाटेचा आरंभ भास्कराचार्यांच्या आधी पाच शतकांचा आहे. इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात ब्रह्मगुप्ताने एक नियम दिला. पुढे त्यास भावना असे नाव रूढ झाले. एकाच प्रकृतीसाठी दोन जोड्या ज्ञात असतील, त्यांचे क्षेप वाटेल ते असोत, तर त्यांपासून तिसरी जोडी करता येते. पहिल्याचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने आणि दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने गुणून बेरीज घ्यावी, ते नवे कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांचा प्रकृतिगुणित गुणाकार मिळवावा, ते नवे ज्येष्ठ. नवा क्षेप हा दोन क्षेपांचा गुणाकार होय.

ब्रह्मगुप्ताने प्रकृती ९२ घेऊन दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. ते एका वर्षाच्या आत जो सोडवील तो गणकच, अशा अर्थाचे आव्हानही त्याने त्यास जोडलेले आहे. भावनेने काम किती लवकर होते ते पाहावे. १ च्या वर्गाला ९२ ने गुणून ८ मिळविले तर १० चा वर्ग होतो. या जोडीची तिच्याशीच भावना केली असता कनिष्ठ २०, ज्येष्ठ १९२ व क्षेप ६४ मिळतो. क्षेपास ८ च्या वर्गाने व मुळांस ८ ने भागले की कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ २४ व क्षेप १. अपूर्णांक घालविण्यासाठी पुन्हा तीच भावना केली की कनिष्ठ १२० व ज्येष्ठ १,१५१. दोन भावनांत उत्तर हाती आले. क्षेप १, २ किंवा ४, मग तो धन असो वा ऋण, एवढ्यावर येऊन ठेपला की पुढे भावनेनेच पूर्णांकी उत्तर मिळते, हेही ब्रह्मगुप्तास ठाऊक होते.

उणीव एवढीच होती की क्षेप इतका लहान कसा करावा, याची सर्वत्र लागू पडणारी रीत त्याच्याजवळ नव्हती. ती उणीव चक्रवालाने भरून काढली. चक्रवालाचा शोध भास्कराचार्यांनीच लावला असे दीर्घकाळ समजले जात असे. परंतु इ. स. १९५४ मध्ये लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी जयदेव नामक आचार्याच्या श्लोकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हे श्लोक ‘लघुभास्करीय’ ग्रंथावरील उदयदिवाकराच्या ‘सुन्दरी’ या टीकेत उद्धृत आहेत, आणि ती टीका इ. स. १०७३ मधील आहे. म्हणजे ही पद्धती भास्कराचार्यांपूर्वी निदान पाऊणशे वर्षे तरी अस्तित्वात होती. त्यांच्या स्वतःच्या शब्दांवरूनही चक्रवाल हे नाव पूर्वीपासून चालत आलेले असल्याचे सूचित होते. त्यांचे श्रेय याने कमी होत नाही, पण ते नेमके कशात आहे हे स्पष्ट होते. पद्धतीची सुबोध मांडणी, आणि तिची खरी कसोटी लागेल अशा उदाहरणाची निवड, हे ते श्रेय होय.

४

चक्रवालाची कृती अशी. एखादी जोडी व तिचा क्षेप घ्यावा. एक अशी संख्या निवडावी की तिने कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविले असता बेरजेला क्षेपाने निःशेष भाग जावा. ही निवड कुट्टकाच्या रीतीने होते. अशा संख्या अनेक असतात. त्यांपैकी जिचा वर्ग व प्रकृती यांतील अंतर सर्वांत लहान असेल ती घ्यावी. त्या अंतराला क्षेपाने भागले की नवा क्षेप मिळतो, व वरील भागाकार हे नवे कनिष्ठ होय. मग हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. चक्राप्रमाणे फिरत जाणारी म्हणून ती चक्रवाल.

प्रकृती ६१ असताना आरंभ सोपा आहे. १ च्या वर्गाला ६१ ने गुणून ३ मिळविले तर ६४, म्हणजे ८ चा वर्ग होतो. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता निवडावयाच्या संख्येत ८ मिळवून बेरजेला ३ ने भाग गेला पाहिजे. १, ४, ७, १० या संख्या चालतील. त्यांपैकी ७ चा वर्ग ४९ हा ६१ ला सर्वांत जवळचा आहे. अंतर ऋण १२, त्यास ३ ने भागून नवा क्षेप ऋण ४. नवे कनिष्ठ ७ अधिक ८ भागिले ३, म्हणजे ५. नवे ज्येष्ठ ३९. पडताळा पाहिला तर ३९ चा वर्ग १,५२१ व २५ ची ६१ पट १,५२५. अंतर बरोबर ऋण ४.

क्षेप ऋण ४ झाला की चक्र पुढे फिरविण्याचे कारण नाही; ब्रह्मगुप्ताचा नियम तेथे लागू पडतो. मुळांस २ ने भागावे : कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप ऋण १. या जोडीची तिच्याशीच भावना केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १,५२३/२, क्षेप १. येथे उत्तर मिळाले खरे, पण अपूर्णांकात. या जोडीची आधीच्या जोडीशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात : कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप ऋण १. शेवटी या जोडीची तिच्याशीच भावना केली की क्षेप १ होतो, कनिष्ठ २२,६१,५३,९८० होते व ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. ‘बीजगणिता’तही ऋण ४ वरून ऋण १ व त्यावरून धन १ असाच क्रम आहे. चक्रवालाची एक फेरी आणि तीन भावना एवढ्यात ४३० वर्षांचे काम पुरे झाले. लेखनसाहित्य म्हणून धुळीची पाटी पुरेशी होती.

५

मार्ग असा उलगडला म्हणजे संख्येचे काही गुणधर्म, जे एरवी केवळ कौतुकाचे वाटले असते, ते आपोआप सकारण होतात. १,७६,६३,१९,०४९ मधून १ वजा केला तर जी संख्या उरते ती २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. तीत १ मिळविला तर येणारी संख्या ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुपटीने गुणलेला वर्ग आहे. डावीकडचा शेजारी २, ३, १३ व १२७ एवढ्याच मूळ संख्यांचा बनलेला. उजवीकडचा २, ५, ६१ व ७६१ यांचा. अंतिम भावनेच्या आधीच्या जोडीचा क्षेप ऋण १ होता, त्याचाच हा परिणाम होय. मोठ्या संख्येच्या दोन्ही बाजूंस तिच्या जन्माच्या खुणा राहून गेल्या आहेत.

दुसरी गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. आधुनिक परिभाषेत (३९ + ५√६१)/२ ही राशी घेऊन तिचा सहावा घात केला असता १,७६,६३,१९,०४९ + २२,६१,५३,९८० √६१ ही राशी मिळते. दुसरा घात, तिसरा घात व मग त्या तिसऱ्या घाताचा वर्ग, हीच त्या तीन भावनांची आजची भाषा. म्हणजे ही दहा अंकी संख्या वस्तुतः ३९ आणि ५ या दोन लहान संख्यांचे विस्तारलेले रूप आहे. तिचा प्रचंडपणा वरवरचा आहे. बीज लहान आहे, आणि ते बीज चक्रवालाच्या पहिल्याच फेरीत हाती लागते.

तिसरा गुणधर्म उपयोगाचा आहे. ज्येष्ठास कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ जवळजवळ मिळते. येथे होणारी चूक, एकावर सतरा शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने एकाला भागले असता जो अपूर्णांक येईल, त्याहूनही लहान आहे. वर्गप्रकृतीच्या मुळांचा असा उपयोग करून करणींची आसन्न मूल्ये काढण्याची रीत नारायण पंडिताने इ. स. १३५६ मधील ‘गणितकौमुदी’त स्पष्टपणे सांगितली आहे.

६

आता सतराव्या शतकातील युरोपकडे वळू. इ. स. १६५७ च्या फेब्रुवारीत फेर्माने इंग्लंडमधील गणितज्ञांना उद्देशून एक आव्हान प्रसृत केले : वर्ग नसलेली कोणतीही संख्या दिली असता, तिने गुणून १ मिळविल्यावर वर्ग होईल असे वर्ग अगणित असतात, ते शोधण्याची रीत सांगावी. त्याच सुमारास फ्रेनिक्ल द बेसी यास लिहिलेल्या पत्रात त्याने ६१ व १०९ या दोन संख्यांची नावे घेतली, आणि फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत असे साळसूदपणे म्हटले. १०९ ला लागणारे ज्येष्ठ मूळ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या ‘लहान’पणातील खोच कळते. यावरून एक गोष्ट निश्चित होते. ६१ ची निवड योगायोगाने झालेली नाही. ज्याला ६० व ६२ चे सोपे उत्तर आणि ६१ चे दुर्घट उत्तर दोन्ही माहीत आहेत, तोच असे उदाहरण घालू शकतो. हेच अनुमान भास्कराचार्यांसही तितकेच लागू आहे.

इंग्लंडकडून आरंभी अपूर्णांकी उत्तरे गेली. ती फेर्माने अर्थातच नाकारली. त्यानंतर ब्राउंकर व वॉलिस यांनी पूर्णांकी उकलीची रीत बसविली, आणि फ्रेनिक्लने पुढे केलेल्या ३१३ या प्रकृतीचे सतरा अंकी ज्येष्ठ मूळ ब्राउंकरने एक-दोन तासांच्या अवधीत काढले. हा पत्रव्यवहार वॉलिसने इ. स. १६५८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील शतकात ऑयलरने हे समीकरण पेल या इंग्रज गणितज्ञाच्या नावाशी जोडले. त्याच्या उकलीशी पेलचा संबंध नव्हता. ऑयलरची ही समजुतीची चूक होती. तथापि त्याच्या लेखनाचा अधिकार इतका मोठा की तेच नाव जगभर रूढ झाले व आजही पाठ्यपुस्तकांत ते तसेच चालते. शेवटी प्रकृती वर्ग नसेल तर पूर्णांकी उत्तर असतेच, याची निर्दोष उपपत्ती लाग्रांजने इ. स. १७६८ च्या सुमारास सिद्ध केली. वितत अपूर्णांकांच्या साहाय्याने ते उत्तर हमखास कसे काढावे हेही तिने निश्चित झाले.

७

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. भास्कराचार्यांस अशी उपपत्ती माहीत होती काय? येथे ‘उपपत्ती’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. चक्रवालाची प्रत्येक पायरी बरोबर आहे याची उपपत्ती एक. आणि फिरत राहिले असता चक्र अखेर क्षेप १ वर येतेच याची उपपत्ती दुसरी. पहिली भावनेतूनच निघते. ज्याचे कनिष्ठ १ आहे अशा जोडीशी दिलेल्या जोडीची भावना करून क्षेपाने भागले की चक्रवालाची पायरी तयार होते. भावनेची उपपत्ती तर टीकाकारांनी लिहून ठेवलेली आहे. मूळच्या विदर्भातील व पुढे काशीस स्थायिक झालेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ याने सतराव्या शतकाच्या आरंभी ‘बीजगणिता’वर जी टीका लिहिली, तीत अशा उपपत्तींना प्रमुख स्थान आहे. भारतीय गणितात केवळ नियम होते व कारणमीमांसा नव्हती हे विधान या पुराव्यापुढे टिकत नाही.

दुसरी उपपत्ती मात्र भारतीय ग्रंथांत आढळत नाही, आणि १,७६,६३,१९,०४९ ही संख्या तिच्याविषयी काहीही सांगू शकत नाही. एखादी पद्धती ६१ या अवघड ठिकाणी यशस्वी झाली म्हणजे ती सर्वत्र यशस्वी होईलच असे तर्कशास्त्र सांगत नाही. अनुभवाने आलेला विश्वास कितीही दृढ असला तरी तो सिद्धतेची जागा घेत नाही. जर्मन इतिहासकार हांकेल याने इ. स. १८७४ मध्ये चक्रवालाचा गौरव करताना लाग्रांजपूर्वीच्या संख्यासिद्धान्तातील सर्वोत्कृष्ट कामगिरी असे त्याचे वर्णन केले. त्या गौरवातही लाग्रांजने वेगळे काही केले ही जाणीव आहे, आणि ती न्याय्य आहे.

चक्रवालाची ही उणीव एका भारतीय गणितज्ञानेच भरून काढली. इ. स. १९२९-३० मध्ये म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी चक्रवाल नेहमी अखेरीस पोचतेच, हे त्याच पद्धतीच्या अंतर्गत रचनेवरून दाखवून दिले. पुढे इ. स. १९७५ मध्ये सेलेनियस याने चक्रवालाचे वितत अपूर्णांकांशी असलेले नाते विशद केले व त्यातील निवडीचा नियम पायऱ्या वाचविणारा आहे हे मांडले. ६१ चेच उदाहरण घेतले तर, भावनेच्या कोणत्याही सवलतीवाचून केवळ चक्र फिरवीत गेल्यास चक्रवाल चौदा पायऱ्यांत क्षेप १ वर येते. साध्या वितत अपूर्णांकाच्या रीतीला बावीस लागतात. म्हणजे जयदेव-भास्करांची पद्धती लाग्रांजच्या पद्धतीचे अविकसित पूर्वरूप नव्हे. ती भिन्न आणि पायऱ्यांच्या बाबतीत अधिक काटकसरीची पद्धती आहे. तिला नसलेली सिद्धता तिच्या माथी मारण्याची गरज नाही, आणि तिला असलेला गुण नाकारण्याचेही कारण नाही.

८

राहता राहिला प्रसाराचा प्रश्न. एकच दहा अंकी संख्या विजापूर-खानदेशाच्या टापूत वाचल्या गेलेल्या संस्कृत ग्रंथात आणि फ्रान्समधील पत्रव्यवहाराच्या मुळाशी आढळावी, हा योगायोग कसा मानावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. शहाजहानच्या कारकीर्दीत, इ. स. १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रुश्दी याने ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले होते, म्हणजे फेर्माच्या पत्रापूर्वी ते तयार होते. ही कालगणना मोहात पाडणारी आहे. परंतु ते भाषांतर वा त्यातील उदाहरण त्या काळी फ्रान्सला पोचले याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. युरोपीय विद्वानांस या ग्रंथाचा परिचय झाला तो स्ट्रेचीने इ. स. १८१३ मध्ये फारसीवरून व कोलब्रुकने इ. स. १८१७ मध्ये संस्कृतावरून केलेल्या इंग्रजी भाषांतरांमुळे.

खुद्द संख्येचे साम्य तर येथे पुरावाच होऊ शकत नाही. पाठचिकित्सेचा नियम सर्वपरिचित आहे : ज्ञानेश्वरीच्या दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान आढळला तर त्यांचे नाते ठरत नाही, समान अपपाठ आढळला तरच एकीवरून दुसरी उतरली अथवा दोन्ही एका मूळ प्रतीवरून आल्या असे म्हणता येते. गणितातील लघुतम उत्तर हा शुद्ध पाठ आहे. ज्याची रीत बरोबर, तो कोणत्याही देशात व कोणत्याही शतकात १,७६,६३,१९,०४९ येथेच पोचणार. साम्य येते ते प्रश्नाच्या स्वरूपामुळे. ६१ हे उदाहरण दोघांनीही निवडले यालाही तेच स्पष्टीकरण पुरेसे आहे. शंभरच्या आत कसोटीची जागा शोधणाऱ्याला दुसरे उदाहरण इतके योग्य नाही.

मग अशा संख्येचे साधन म्हणून मोल काय, हे एका विरुद्ध उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. आर्किमिडीजच्या नावावर असलेला गुरांच्या कळपाचा प्रश्न लेसिंगने इ. स. १७७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या पूर्ण रूपाची उकल करताना अखेर वर्गप्रकृतीच येते, आणि तेथे प्रकृती ४७,२९,४९४ आहे. लघुतम उत्तरात २,०६,५४५ अंक असतात हे आमथोर याने इ. स. १८८० मध्ये ठरविले. सर्व अंक प्रत्यक्ष काढले गेले ते इ. स. १९६५ मध्ये, विद्युत्‌गणकाच्या साहाय्याने. ग्रीक प्रश्न आपल्यापर्यंत आला, पण त्याबरोबर उत्तर आले नाही. म्हणून आर्किमिडीजला पद्धती अवगत होती की केवळ अडचण अवगत होती, याचा निर्णय करता येत नाही. ‘बीजगणिता’त प्रश्न, पद्धती आणि उत्तर ही तिन्ही एकत्र टिकून राहिली आहेत, आणि त्यामुळेच निर्णय करता येतो.

ती टिकली यामागे अध्यापनाची परंपरा आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे त्यावरून समजते. संस्कृत भागाअंती त्या लेखात दानाचा तपशील तत्कालीन मराठीत कोरलेला आहे. मठाच्या निर्वाहासाठी जे दान नेमून दिले, त्याच्या आधाराने अशा विद्येचे पठण चालू राहिले. आणि पठण चालू राहिले म्हणून ‘बीजगणिता’तील अंक पोथीतून पोथीत शुद्ध उतरत गेले. एक अंक चुकला असता तरी पुढील वाचकाने पडताळा घेऊन तो दुरुस्त केला असता, कारण ६१ ने गुणून १ मिळविण्याची ती कसोटी संख्येबरोबरच सांगितलेली होती. आजही कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला ८, ३ व ७ या अंकांपासून निघून अर्ध्या तासात त्या संख्येपर्यंत स्वतः जाता येते. मूळ ग्रंथ न पाहताही ती साक्ष तपासता येते.